डिसेंबरातली गोलोंद्रिना

१

खांदा कॉलनीतल्या अरुंधती टिपणीसांबद्दल ज्या गोष्टी सांगितल्या जातात त्यांतल्या निम्म्या खोट्या आहेत आणि उरलेल्या निम्म्या वाढवलेल्या. सोसायटीच्या सेक्रेटरीचा हरवलेला चष्मा त्यांनी फोनवरून शोधून दिला ही त्यातल्या त्यात खरी. "आधी कपाळावर हात फिरवा," एवढंच त्या म्हणाल्या होत्या. पाण्याच्या टाकीचं झाकण पळवणाऱ्याला त्यांनी नुसत्या शिंकेवरून ओळखलं ही वाढवलेली; शिंक नव्हती, खोकला होता. आणि त्या झोपेत स्पॅनिश बोलतात ही तर कोणी ऐकायला गेलं नाही म्हणून टिकून राहिली. बाई एकट्या राहत. पण बॅलार्ड पियरच्या एका जहाज कंपनीत तीस वर्षं त्या भाषेतली पत्रं वाचून त्यांनी पेन्शन मिळवली होती, एवढं मात्र खरं.

तर दोन हजार नऊच्या फेब्रुवारीत, सकाळी दहाच्या सुमारास, या बाईंच्या दारात एक रिक्षा थांबली आणि तीतून सत्तरीच्या सुगराबी उतरल्या. पनवेलच्या मोहल्ल्यातल्या. काखेत बिस्किटांचा चौकोनी पत्र्याचा डबा, हातात शाळकरी वही आणि वहीला दोऱ्यानं बांधलेली पेन्सिल.

"मना ऐकू येत नाय," बसता बसता त्या म्हणाल्या, तेही अशा आवाजात की तिसऱ्या मजल्यावर कोणीतरी खिडकी उघडली. "तापात कान गेले, वीस वर्सं झाली. तुमी लिवा, मी बोलते."

त्यांनी डबा उघडला. वरच सोन्याच्या चार बांगड्या होत्या, खाली कागदांची चळत.

"चोरी झाली. बांगड्या हायत. पत्रं गेली."

'कुणाची?' बाईंनी वहीत लिहिलं.

"माझ्या जिब्रानची. माझा एकच पोर. स्पेनला हाय, विगो म्हणून बंदर हाय, तिथं मासेमारीच्या बोटीवर. चार वर्सं झाली. फोनवर माझ्याशी बोलून उपेग काय, म्हणून पत्र. एकूण एकसष्ट पत्रं. परवा डबा उघडते तर निम्मीअर्धी नायत."

बाई उठून चहाला लागल्या. डबे चाळता चाळता, मागे वळून पाहुणीकडे बघत, सवयीनं स्वतःशीच पुटपुटल्या, "साखर संपली वाटतं."

"मना बिनसाखरेचाच चालतो," सुगराबी म्हणाल्या. "एक पत्र तेवढं राहिलं. उशीखाली होतं."

त्यांनी ब्लाउजातून घडी काढली. रेघी कागद, जाड पेन, पहिलीच्या पोराला वाचता येतील एवढाली अक्षरं. कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं आकडा: ६०.

'विगो, १९ डिसेंबर २००८. अम्मी, मी खुशाल आहे. थंडी खूप आहे. माझ्या खिडकीसमोर तारेवर रोज सकाळी पन्नास-साठ गोलोंद्रिना येऊन बसतात. त्यांना बघून घर आठवतं. थंडी सरली की त्या जातील. मी पण येईन, पण यंदा काम लांबलं आहे. औषधं वेळेवर घे. तुझा जिब्रान.'

"हा शब्द काय हाय ते सांगा," सुगराबींनी बोट ठेवलं. "नि पत्रं कुणी नेली ते शोधा. नि माझा पोर कसा हाय ते बघा. तुमाला ती भाषा येते, तुमाला दिसल." मग डब्याचं झाकण लावत, "पण जे दिसल ते माझ्या एकटीला सांगू नका. घरी या. सगळ्यांसमोर सांगा. कबूल करा."

बाईंनी मान हलवली. मात्र त्यांचं लक्ष पत्रात होतं. चहा उतू गेला तरी तिथंच होतं.

कारण पन्नास-साठ गोलोंद्रिना डिसेंबरात विगोच्या तारेवर बसूच शकत नव्हत्या.

२

'गोलोंद्रिना म्हणजे भिंगरी,' बाईंनी वहीत लिहून दिलं. 'कात्रीसारख्या शेपटीची. तुमच्या तळ्याकाठी तारांवर बसतं तेच पाखरू.'

सुगराबींनी ते वाचलं. "भिंगरी," एवढंच म्हणाल्या. चेहऱ्यावर नवल काही उमटलं नाही. बांगड्या काढून हातात चढवल्या, डबा ठेवून घ्या म्हणाल्या आणि आल्या रिक्षानं गेल्या.

आता भिंगरी आपल्याकडे कोणाची कोण लागते? दिवाळीच्या मागेपुढे येते, खाडीवर, तळ्यावर, विजेच्या तारांवर ओळीनं बसते, आणि होळी झाली की एके दिवशी तारा मोकळ्या. आपल्याला ती थंडीची पाहुणी. तिच्यावरून कोणी ओव्या रचल्या नाहीत की म्हणी केल्या नाहीत.

स्पॅनिश माणसाला मात्र ती घरची लेक. त्यांच्याकडे ती मार्चात येते, दरसाल त्याच वळचणीला त्याच घरट्यात, आणि थंडीचा वारा सुटायच्या आत निघून जाते. ती आली म्हणजे हिवाळा सरला. एका गोलोंद्रिनेनं उन्हाळा होत नाही, अशी त्यांची म्हण. उतावळ्या माणसाला ऐकवतात. बार्सिलोनाच्या बंदरात प्रवासी फिरवणाऱ्या लहान बोटींना गोलोंद्रिना म्हणतात. आणि पलीकडे, दक्षिण अमेरिकेत, हंगामापुरता परमुलखात राबून परत जाणारा मजूर, तोही गोलोंद्रिना. बाईंनी आयुष्यभर हा शब्द खलाशांच्या पत्रांत वाचला होता. जिथं जिथं तो आला तिथं त्याच्या मागं परत येणं आलं होतं. कधी आलेलं, कधी राहून गेलेलं.

म्हणजे ज्यानं हे पत्र लिहिलं त्याला शब्द ठाऊक होता, पक्षी ठाऊक होता, पण स्पेनचा डिसेंबर ठाऊक नव्हता. लिहिताना त्याच्या डोळ्यांसमोर भिंगऱ्या होत्या, तारेवर बसलेल्या. म्हणजे त्याच्या डोळ्यांसमोर पनवेल होतं.

बाईंनी डबा टेबलावर रिकामा केला. एक ते तेवीस पत्रं मुलाच्या हातची, तिरकस, घाईची. चोविसाव्यापासून मोठी अक्षरं सुरू होत होती. मुलानं ईमेल धरली असणार आणि म्हातारीला दिसावं म्हणून घरातलं कोणीतरी ती उतरवून काढत असणार. एकोणचाळिसावर तारीख होती ११ जानेवारी २००७. त्याच्यापुढे काही नाही. चाळीसपासून एकसष्टपर्यंत सगळी गेलेली, उशीखालचं साठावं सोडून.

हे विचित्र होतं. बाहेरचा चोर असता तर बांगड्या नेल्या असत्या. पत्रंच हवी असती तर सगळी नेली असती. एकोणचाळीस आणि चाळीस यांच्यात फरक काय? कागद तोच, पेन तेच, हात तोच असणार. तरी चोरानं नेमकी तिथंच चळत तोडली होती, अकरा जानेवारीच्या पुढे.

आणखी एक. पहिल्या गठ्ठ्यातून सातवं पत्र गायब होतं. एकटंच. सहा होतं, आठ होतं.

तीस वर्षांत बाईंनी मराठीत उतरवलेल्या तारा त्यांना एकदम आठवल्या. 'कळवण्यास अत्यंत दुःख होते.' टंकलेखन करायचं, लिफाफा बंद करायचा, शिपायाकडे द्यायचा. लिफाफा उघडणाऱ्याचं तोंड त्यांना कधी बघावं लागलं नव्हतं.

या वेळी बघावं लागणार होतं. चोराला एक तारीख ठाऊक होती, आणि ती कसली तारीख होती याचा अंदाज बाईंना आलेला होता.

३

सुगराबींचं घर तळ्याच्या काठी, वरच्या मजल्यावर. खिडकीशी शिलाई मशीन, मशीनवर सून शाजिया. सत्ताविसाची असेल. खिडकीबाहेर तारा, आणि तारांवर बघाल तर भिंगऱ्यांची लांबच लांब ओळ, कोणी शाई सांडत गेल्यासारखी.

सुगराबी चटईवर सुपात सोडे, सुकी कोळंबी, निवडत होत्या. त्यांचे नवरे खलीलमियाँ खुर्चीत. त्यांचं दोरखंडाचं दुकान होतं आणि माणूसही पिळाचा होता.

"तुम्ही उगाच तकलीफ घेतलीत बाई," ते म्हणाले. "कागदच ते. उंदरांनी नेले असतील."

"नंबर बघून?"

"काय?"

"चाळीसपासून पुढचे नेलेत उंदरांनी. शिकलेले दिसतात."

शाजियाचं मशीन थांबलं. खलीलमियाँनी बायकोकडे एक नजर टाकली. ती सुपात हात घालून त्यांच्याचकडे बघत होती. "बोला तुम्ही बिनधास्त," ते म्हणाले, "हिला काही ऐकू जात नाही. शाजिया, तू नेलीस का? बाईंना खरं सांग."

"मी कशाला नेऊ अब्बा? मला वाटलं तुम्हीच..."

"मी? मला वाटलं फुजैलनं."

बाईंना हे आवडलं. तीन माणसं एकमेकांवर संशय घेतात तेव्हा तिघंही काहीतरी एकच लपवत असतात.

"पत्रं तूच उतरवतेस ना?" त्यांनी शाजियाला विचारलं.

"हो. ईमेल फुजैलभाईच्या कॅफेत येते. तो प्रिंट देतो. मी अम्मीसाठी मोठ्या अक्षरात काढते."

"गोलोंद्रिना म्हणजे गं काय?"

"माहीत नाही. असेल तिकडचा कुठला पक्षी." बोलताना तिची नजर खिडकीकडे गेली आणि चटका बसल्यासारखी मागे आली.

"पत्रात कुठं लिहिलंय पक्षी आहे म्हणून?" बाई हळूच म्हणाल्या. "खिडकीसमोर येऊन बसतात, एवढंच आहे. मांजरीही बसतात. तारेवर नाही, पण खिडकीशी."

"तारेवर म्हटलंय ना, म्हणून..."

"हं. म्हणून." बाईंनी तो धागा तिथंच सोडला. पोरगी ओवलेल्या सुईत पुन्हा दोरा ओवत होती.

सुगराबी सोडे निवडत होत्या. बोटं आपोआप चालत होती, खडा वेगळा, पाय वेगळे. सुपाकडे त्यांचं लक्षच नव्हतं. त्या सगळा वेळ बोलणाऱ्यांच्या तोंडाकडे बघत होत्या.

जिन्यात शाजिया मागून धावत आली. "बाई, तुमच्या पाया पडते. अम्मीला काही सांगू नका. तिच्या छातीचं ऑपरेशन झालंय. ती जगते ती त्या पत्रांवर."

"आणि तू कशावर जगतेस?"

वर सुगराबींनी मोठ्या आवाजात हाक मारली, "शाजिया, बायला खालपर्यंत सोड, जिना काळोखी हाय," आणि शाजिया ओढणीनं डोळे पुसत म्हणाली, "बघा, माझा आवाज कधी ऐकला नाही तिनं. पण मी कुठं आहे हे तिला नेहमी कळतं."

४

फुजैल खलीलमियाँचा पुतण्या. उरण नाक्याजवळ त्याचं सायबर कॅफे: सहा कॉम्प्युटर, पाच चालू, चार धडके. दुकानाला खिडकी म्हणून नव्हती. तिथं बसून भिंगरी सोडा, ऊन पडलंय की नाही तेही कळलं नसतं.

"मॅडम, मी ओन्ली प्रिंट मारतो," तो म्हणाला. "कंटेंट आपला नाही."

"ठीक. मग दुसरं सांग. दोन हजार सातच्या जानेवारीत तुमच्या घरी काय झालं?"

"काही नाही. डिसेंबर एंडला चाचीचं ऑपरेशन. मग शाजियाभाभी माहेरी गेली, मोऱ्याला. बॅकपेन होतं तिला. तिकडे मालिशवाली चांगली आहे."

"सासूचं ऑपरेशन झालेलं असताना सून पाठ चोळून घ्यायला माहेरी गेली?"

"फार दुखत होती ना."

"किती दिवस होती?"

"मीच सोडायला गेलो होतो. मोहरमच्या पाच तारखेला. आणली ती जमादिलावलच्या पंधराला."

बाई हसल्या नाहीत, पण हसण्याच्या जवळपास गेल्या. हा मुलगा वीकएंड म्हणतो, मंथएंड म्हणतो, डिसेंबर एंड म्हणतो. वहिनीची पाठ तेवढी चंद्रावर मोजून दुखत होती. त्यांनी बोटांवर मोजलं: मोहरम, सफर, रबिलावल, रबिलाखर. चार महिने. वर पाचापासून पंधरा, दहा दिवस.

त्यांच्या ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणारी एक बाई अशीच चार महिने दहा दिवस कामावर आली नव्हती. परत आली तेव्हा हातात बांगड्या नव्हत्या.

"फुजैल," त्या म्हणाल्या, "नवरा गेल्यावर बायको घरात बसते, ती मुदत किती असते रे?"

पाचातला एक कॉम्प्युटर बंद पडल्याचा आवाज आला. फुजैलनं तिकडे पाहिलं नाही. तो स्टुलावर बसला, आणि एकदम वीस वर्षांनी लहान दिसायला लागला.

"फोन इथंच आला होता मॅडम. ह्याच फोनवर. रात्रपाळीत दोर सुटला, जिब्रान पाण्यात गेला. दोन दिवसांनी सापडला. तिथंच दफन केलं. चाचीला ऑपरेशन होऊन महिनासुद्धा झाला नव्हता, डॉक्टर म्हणाले धक्का नको. आम्ही म्हटलं एक आठवडा थांबू. मग म्हटलं टाके सुकू देत. मग रमजान आला. भाभीनं पहिलं पत्र लिहिलं ते फक्त आठवडा काढायला. नंतर थांबायचं कसं तेच कळलं नाही. दर महिन्याला चाची विचारते, पत्र आलं का."

"गोलोंद्रिना हा शब्द तिला कुठून मिळाला?"

"जिब्रान तिला वेगळा मेल लिहायचा. मी वाचला नाही कधी, कसम से. प्रिंट उलटी पकडून द्यायचो."

बाईंना हा मुलगा पहिल्यांदाच बरा वाटला. "आणि आता? आता का घाबरलायत सगळे?"

"घाबरलो नाही. फसलोय. जानेवारीत भाभीचा भाऊ आला होता मोऱ्याहून. स्थळ घेऊन. लाँच चालवतो, तांडेल आहे, बायको वारलेली, भला माणूस. चाचा नाही म्हणाले. म्हणाले, सुगरा जिवंत आहे तोवर जिब्रान जिवंत आहे, आणि जिब्रान जिवंत आहे तोवर त्याच्या बायकोचा निकाह मी कसा लावू."

"शाजिया काय म्हणाली?"

"मशीनवर जाऊन शिवत बसली."

"हे बोलणं झालं कुठं?"

"घरीच. चाची होती तिथं, तांदूळ निवडत. तिला काय ऐकू येतंय."

बाई दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या. "पत्रं तू नेलीस?"

"नाही."

"मला माहीत आहे. शाजियानं नाही, तुझ्या चाचांनीही नाही. तुम्ही तिघं एकमेकांवर संशय घेताय तो खरा आहे. आणि तुमच्यातल्या कोणाला पत्रं नाहीशी करायचीच असती तर साठावं आधी शोधलं असतं, आणि सातव्याला कशाला हात लावला असता?"

"मग कोणी?"

"ज्याला अकरा जानेवारी ठाऊक आहे अशा चौथ्या माणसानं," बाई म्हणाल्या. "चहा बिनसाखरेचा घेणाऱ्या."

५

संध्याकाळी बाई डबा घेऊन तळ्याकाठी आल्या तेव्हा सगळी त्याच खोलीत होती. तारांवर भिंगऱ्या उतरत होत्या. सुगराबींनी वही पुढे केली.

बाईंनी ती घेतली आणि बाजूला ठेवली. मग त्यांच्यासमोर चटईवर बसल्या आणि आवाज न काढता, नुसते ओठ हलवून, सावकाश म्हणाल्या, "सुगराबी, पत्रं कुठं ठेवलीत?"

खोलीत कोणाला काही ऐकू गेलं नाही. फक्त जिला ऐकू येत नव्हतं तिनं उत्तर दिलं.

"तांदळाच्या पिंपात," सुगराबी म्हणाल्या.

खलीलमियाँ खुर्चीतून अर्धे उठले आणि तसेच राहिले.

"वीस वर्सं तुमच्या तोंडाकडे बघत बसलेय," सुगराबी त्यांना म्हणाल्या. "तुमी मना वहीत लिवून दिलंत ते एक. नि माझ्यासमोर एकमेकांशी बोललात ते दुसरं. मना कधी कुणी विचारलंच नाय की तुना दिसतं का म्हणून."

"म्हणजे तुला पहिल्यापासून..." खलीलमियाँ खुर्चीत मागे बसले.

"नाय. पहिल्यापासून नाय. दोन वर्सं तुमी माझ्याकडं पाठ करूनच बोललात त्याच्याबद्दल, तेवढी अक्कल केलीत. मी खरंच वाट बघत होते." त्यांनी ओच्यातून एक जुनी, घडीवर फाटलेली चिठ्ठी काढली. कोपऱ्यात लाल सात. "बाय, हे तुमी वाचा. मोठ्यानं वाचा. शाजियानं हे वाचलेलं नाय. हे तिच्या हातात कधी दिलंच नाय मी. माझंच होतं ते."

बाईंनी वाचलं. अक्षर तिरकस, घाईचं.

'अम्मी, गंमत ऐक. आपल्या तळ्यावर तारेला बसतात ना, त्या भिंगऱ्या इथं पण आहेत. पण इथं उन्हाळ्यात असतात. आता सप्टेंबर लागला, सगळ्या निघाल्यात. बोटीवरचा पेरू देशातला खलाशी म्हणतो, ह्या गोलोंद्रिना, आणि आपण पण गोलोंद्रिना. मी त्यांना सांगितलंय, पनवेलला जा, अम्मीला सलाम सांगा. दिवाळीत तारेवर बसल्या की समज माझ्याकडून आल्यात. थंडीत इथं एक पण नसते, सगळ्या तुझ्याकडे. होळीनंतर माझ्याकडे परत पाठव.'

आता विलायतेतल्या भिंगऱ्या हिवाळ्यात आफ्रिकेत जातात आणि पनवेलच्या भलत्याच उत्तरेकडून येतात, हे बाईंना ठाऊक होतं. पोराला ठाऊक नव्हतं. आईला त्याची गरज नव्हती.

"तिथं थंडीत एक पण नसते," सुगराबी म्हणाल्या. "नि डिसेंबरचं पत्र येतं, माझ्या तारेवर पन्नास-साठ बसल्यात म्हणून. मी खिडकीकडं बघितलं. पन्नास-साठच होत्या. मी मोजल्या. मग मी मागं मागं गेले. शाजिया मोऱ्याला गेली तो मोहरम आठवला. परतली तो दिवस आठवला. चार महिने दहा दिवस मना कोण शिकवणार. माझ्या आईनं केलेत, माझ्या बहिणीनं केलेत. मग डबा काढला, नि तिथून पुढची पत्रं वेगळी केली. त्याची एकीकडं, हिची एकीकडं."

शाजिया भिंतीला टेकून खाली बसली होती. "अम्मी, एकदाच," ती म्हणाली, सासूकडे तोंड करून, पहिल्यांदाच असं समोर तोंड करून. "सगळं खोटं लिहून लिहून हात बधिर झाला होता. म्हटलं, एक तरी शब्द त्याचा खरा घालावा. मला पाठवलेल्या मेलमधला. त्यानं मला महिना नव्हता सांगितला."

"तोच एक खरा शब्द होता, त्यानंच सांगितलं," सुगराबी म्हणाल्या.

"मग तुम्ही सरळ बोलला का नाहीत?" बाईंनी विचारलं. "हा चोरीचा खटाटोप कशाला?"

"कुणाला बोलू? ही म्हणाली असती, नाय अम्मी, तो येणार हाय, नि बसून आणखी चाळीस पत्रं लिवली असती. हे म्हणाले असते, सुगराला भ्रम झाला. घरातलं कुणी बोललं नसतं बाय, सगळी माझ्यावर जीव टाकणारी. म्हणून बाहेरचं माणूस पायजे होतं. भाषा येणारं." मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "सुगरा जिवंत हाय तोवर जिब्रान जिवंत, असं म्हणालात ना त्या दिवशी? मी तांदूळ निवडत होते. मग मना मरायला पायजे होतं का, ह्या पोरीला सोडवायला?"

खलीलमियाँनी तोंड फिरवलं. मग काहीतरी ध्यानात आल्यासारखं परत बायकोकडे केलं, तिला दिसेल असं, आणि म्हणाले, "माफ कर."

"मोऱ्याला निरोप पाठवा. होकार कळवा." त्या उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि पिंपातून पत्रांचा गठ्ठा आणला, तांदळाची पूड लागलेला. शाजियाला वाटलं आता फाडतील. सुगराबींनी ती झटकली, घडी घातली आणि डब्यात, मुलाच्या पत्रांच्या वर ठेवली. "ही पण माझीच हायत. माझ्या पोरीनं लिवलेली."

आणि मग, सगळं झाल्यावर, काम संपल्यावर, त्या खाली बसल्या आणि रडायला लागल्या.

माणूस रडतं तेव्हा स्वतःचा आवाज ऐकून आवरतं. सुगराबींना आवरायला काही नव्हतं. दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत जे रडायचं राहिलं होतं ते त्यांनी त्या संध्याकाळी पुरं केलं, आणि ते तळ्याच्या पलीकडे ऐकू गेलं. दुकानदार बाहेर आले. नमाजाला निघालेली माणसं थांबली. तारांवरच्या भिंगऱ्या एकदम उठल्या आणि बराच वेळ बसायला जागा सापडेना त्यांना. सबंध मोहल्ल्यानं ऐकलं. एकट्या सुगराबींना ऐकू आलं नाही.

तीस वर्षं लिफाफे बंद करणारी बाई त्यांचा हात धरून शेवटपर्यंत समोर बसली.

होळीनंतर एका सकाळी खांदा कॉलनीत पुन्हा रिक्षा थांबली. शाजियाचा निकाह मोऱ्याला झाला होता. सुगराबी मिठाईचा पुडा घेऊन आल्या होत्या, आणि वही.

"विगोला ते कब्रस्तान राखणारा माणूस असल ना? त्याला एक पत्र लिवायचंय. त्याच्या भाषेत."

बाईंनी कागद घेतला. "सांगा."

सुगराबींनी बराच विचार केला. मग बाईंच्या ओठांकडे न बघता, खिडकीबाहेरच्या मोकळ्या तारेकडे बघत सांगितलं:

"लिवा. गोलोंद्रिना इथून निघाल्यात. तिथं पोचल्या की माझ्या पोराला सांगा."